झोपायचो कुठे?

परवा भाचीला घेऊन गिरगावात गेलो होतो. तिला नवीन मेट्रोत बसायचं होतं आणि मला चुलतभावाकडे काही कागदांवर सह्या करायच्या होत्या (भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यामुळे जिथे तिथे सगळ्या वारसांच्या सह्या लागतात), म्हणून म्हटलं चल. ही भाची इंटिरियर डिझाइन शिकते आणि पर्समध्ये मोजायची टेप घेऊन फिरते. वहिनी चहा टाकत होती तेवढ्यात हिने बाहेरची खोली मोजली, आतली मोजली, मोरी मोजली, पोटमाळ्याची उंची मोजली, मोबाईलवर काहीतरी आकडेमोड केली आणि मला विचारलं, मामा, तुम्ही दहा जण होतात ना इथे, मग झोपायचात कुठे? मी नेहमीचं उत्तर दिलं, अगं ॲडजस्ट करायचो. तर म्हणते ॲडजस्ट म्हणजे कुठे, डोकं कुठे, पाय कुठे? मी हसलो, वहिनी पण हसली, चहा आला, विषय बदलला. पण रात्री बोरिवलीला घरी येऊन एसी लावून आडवा झालो तरी ते डोक्यातून जाईना. गेली कित्येक वर्षं मी गिरगावाबद्दल जमेल तिथे बोलत आलोय, गणपती बोलतो, चौपाटी बोलतो, मिसळ बोलतो, वाडीतलं क्रिकेट बोलतो, समोरचा माणूस कंटाळेपर्यंत बोलतो. त्यात झोप कधी आलीच नाही.

तर आता सांगतो. बाहेरची खोली 10 बाय 12, आतली 10 बाय 9, त्यातच मोरी, त्यातच ओटा, त्यातच पाण्याचं पिंप. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कॉट, तिला खाली विटा लावून उंच केलेली. कॉटवर आजी. कॉटखाली मी आणि धाकटा भाऊ, डोकं भिंतीकडे, पायाशी ट्रंका. उठताना कॉटच्या पट्ट्यांना डोकं आपटायचं नाही ही विद्या आम्हाला पाचव्या वर्षी येत होती. कॉटसमोर उरलेल्या जागेत बहीण आणि चुलत बहीण, त्यांच्या पायाशी चुलतभाऊ आडवा. आतल्या खोलीत आई, काकू आणि लग्न होईपर्यंत आत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, गॅलरीत चटईवर, दाराच्या उंबऱ्याला उशी लावून, म्हणजे डोकं घरात आणि बाकी देह सार्वजनिक. काका गच्चीवर. मोजून अकरा झाले ना? दहा वगैरे आम्ही बोलण्यात म्हणायचो, तेही कमीच करून. आणि हे सुद्धा कोकणातून कुणी गाववाला नोकरी शोधायला आलेला नसेल तेव्हाचं. तो आला की त्याची वळकटी खाली, वाडीच्या तोंडाशी जो छोटा छापखाना होता त्याच्या बंद दुकानाच्या फळीवर. फळीवर झोपायची परवानगी मालकाकडून घ्यायला लागायची आणि ती काकाच्या ओळखीने मिळायची, म्हणजे त्यातही वशिला होताच.

पावसाळ्यात हा सगळा नकाशा कोसळायचा. गच्ची बंद, गॅलरीत झड यायची, कठड्याला गोणपाट बांधलं तरी चटई ओली व्हायचीच, मग अण्णा आणि काका आत. ते दोघं आत आले की आमच्या मुलांची रवानगी शेजारी, शेजारच्यांची मुलं त्यांच्या शेजारी, असं करत करत गॅलरीच्या शेवटच्या खोलीत एक म्हातारं जोडपं होतं त्यांच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी. ओल्या गोणपाटाचा, रॉकेलचा आणि दोरीवर न वाळलेल्या कपड्यांचा मिळून जो एक वास असतो तो मला आज कुणी बाटलीत भरून दिला तरी मी ओळखेन. विकत मात्र घेणार नाही.

आता मला वाटतं की आमच्या वाडीची जी काही रौनक होती ना, ती निम्मी तरी या नकाशातून आलेली होती.

बघा ना, संध्याकाळी सात ते रात्री अकरा घरात बसायला जागाच नसायची. बायका स्वयंपाक करायच्या, आजीची पोथी चालू, मुली अभ्यासाला बसलेल्या, मग पुरुषांनी आणि मुलांनी करायचं काय? बाहेर पडायचं. ते बाहेर पडणं म्हणजे गिरगाव. दिव्याच्या खांबाखाली कॅरम, वाचनालयात एकाच पेपरची पानं सुटी करून पाच जण वाचतायत, ठाकुरद्वारच्या नाक्यावर राजकारण, मुगभाटातून जाताना बेडेकरांच्या मसाल्याचा वास, चौपाटीवर वाळूत पाय पसरून बसलेले अण्णा आणि त्यांच्या ऑफिसातले चार जण. चौपाटीला ते भेळ खायला जात नसत, भेळेला पैसे कुठले, ते तिथे नुसते बसायला जात. पाय लांब करून बसता येईल अशी त्यांना माहीत असलेली तीच एक जागा होती. दहावीची मुलं साहित्य संघाच्या नाट्यगृहाच्या बाजूला केळेवाडीत फुटपाथवर पुस्तक घेऊन बसायची, नाटक सुटलं की साडेबाराला प्रेक्षक बोलत बोलत आमच्या वाडीतून शॉर्टकट मारायचे, कुणी पद गुणगुणत, कुणी नटाला शिव्या देत, आणि फळीवरचा गाववाला उठून बसायचा. नाटक चांगलं होतं की पडलं हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरच्या आधी त्याच्याकडून कळायचं.

लोक म्हणतात त्या काळी माणसांना माणसांची ओढ होती. असेल. पण ओढीइतकाच घरातून ढकललं जाण्याचाही भाग होता हे कुणी म्हणत नाही. वाड्या नुसत्या आठवल्या तरी कळतं, फणसवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी, खटाववाडी, आंग्रेवाडी, भटवाडी, एकेका वाडीत शंभर शंभर बिऱ्हाडं आणि प्रत्येक बिऱ्हाडातून रोज संध्याकाळी तीन-चार माणसं रस्त्यावर सांडायची. मग तिथे मंडळं निघणार, व्याख्यानमाला निघणार, एकांकिका बसणार, भांडणं होणार, निवडणुकीला अर्ध्या तासात पन्नास पोरं पोस्टर चिकटवायला मिळणार. केशवजी नाईक चाळीत 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला त्यामागे टिळकांचा विचार होता हे शाळेत शिकवलेलं आहेच, पण मला मांडव दिसतो. दहा दिवस का होईना, डोक्यावर छप्पर असलेली एक मोठी खोली वाडीला मिळायची. आम्ही पोरं त्या दहा दिवसांत मूर्तीची राखण या नावाखाली मांडवात सतरंजीवर हातपाय पसरून झोपायचो. राखण करायला एवढ्या पोरांची गरज काय असं कधी कुणी विचारलं नाही, मोठ्यांना कारण माहीत होतं.

मोठ्यांचं पण एक गुपित होतं, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. लग्न झालेल्या माणसांनी काय करायचं? माझ्या काकाचं लग्न झालं तेव्हा पहिले काही दिवस आजीने पुढाकार घेऊन सगळ्यांना रात्रीच्या कीर्तनाला नेलं होतं म्हणे, आणि आजीला कीर्तनाचा मनस्वी कंटाळा. नंतर मग जो तो आपापलं बघायचा. खरी सोय मे महिन्यात. शाळांना सुट्टी लागली की अर्धी चाळ कोकणात, रत्नागिरी, राजापूर, देवगड, आणि जाणारी बाई जाताना खोलीची किल्ली शेजारणीकडे द्यायची, झाडाला पाणी घाल गं, पिंप भरून ठेव गं असं काहीतरी सांगून. झाड म्हणजे डालड्याच्या डब्यातली एक तुळस. त्या एका तुळशीला पाणी घालायला नवरा-बायको दोघं रात्री दहाला जायचे. कुणी काही बोलायचं नाही, गॅलरीतले पुरुष कठड्याकडे तोंड करायचे. आमच्या चाळीत फेब्रुवारीत वाढदिवस फार, हे माझ्या बहिणीने पहिल्यांदा हिशोब करून दाखवलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली होती. माझाही फेब्रुवारीतलाच आहे.

पण आई.

वरचा सगळा नकाशा परत बघा. बाहेर कोण झोपायचं? पुरुष आणि मुलगे. वाऱ्याची जागा गॅलरी, ती अण्णांची. सगळ्यात गार जागा गच्ची, ती काकाची. मांडव आमचा, फळी गाववाल्याची. आणि सगळ्यात उकाड्याची खोली, जिथे स्टो संध्याकाळभर जळलेला, ओटा अजून कोमट, मोरीची ओल, झुरळं, तिथे तिन्ही बायका. एक खिडकी होती ती दोन चाळींच्या मधल्या घळीत उघडायची, तिथून वारा येत नव्हता, वरच्यांनी टाकलेला कचरा येत होता. सगळ्यांच्या शेवटी आई आडवी व्हायची, कारण सगळे झोपल्याशिवाय तिला अंथरायला जागा मोकळी व्हायची नाही, आणि सगळ्यांच्या आधी उठायची कारण नळ पहाटे साडेचारला यायचा. नळ गॅलरीच्या टोकाला, चौदा बिऱ्हाडांत मिळून. नळ येण्याआधी पाईपात हवा सुसू करते तो आवाज ऐकून ती उठायची, घड्याळ नको. हंडा, कळशी, बादली, परत हंडा. मग आरेच्या केंद्रावर दुधाच्या बाटल्यांना रांग, तिथे मात्र आम्हाला पाठवायचे, आम्ही रांगेत पिशवी ठेवून पायरीवर पेंगायचो. पाणी भरून झालं की आईने पुन्हा पडावं तर तोपर्यंत अण्णा उठलेले, चहा. दुपारी पडावं तर दुपारी शेजारणी यायच्या, कारण दार उघडंच, आणि दिवसा दार लावलं तर आत काहीतरी घडलंय असा अर्थ. कुणी मेलंय किंवा भांडण तरी. सताड उघड्या दारांचं आम्ही केवढं कौतुक करतो. ती दारं लावायची मुभा नव्हती हे त्याचंच दुसरं टोक.

नाक्यावरच्या गप्पा, कट्टा, चौपाटी यात माझ्या आठवणीत आई कुठेच नाही. गॅलरीचा कठडा हीच तिची हद्द. तिथे ओणवं राहून ती खालची रौनक बघायची, हातात निवडायची भाजी. हळदीकुंकू, मंगळागौर, बायकांचं गणपतीतलं नाटक हे होतं, नाही असं नाही, आणि नाटकात आई एकदा पोलीस झाली होती, हातात दंडुका घेऊन असा काही आवाज लावला की आमचे अण्णा पहिल्या रांगेतून उठून मागे जाऊन उभे राहिले. तालमी मात्र दुपारी, सगळं आवरून. तेव्हाही झोप गेली तिची.

1986 च्या सुमारास आम्ही बोरिवलीला आलो. तेव्हा गिरगावातून अशीच कुटुंबं फुटत होती, कुणी डोंबिवली, कुणी मुलुंड, कुणी पार्ले परवडलं तर पार्ले. दोन भावांचा संसार एका खोलीत मावत नाही हे उघड होतं, एकाने खोली ठेवायची, दुसऱ्याने थोडे पैसे घेऊन निघायचं. आम्ही निघालो. वन रूम किचन, तिसरा मजला, आणि घरात संडास. सामान लागलं, काकू आणि शेजारणी मदतीला आल्या होत्या त्या लोकलने परत गेल्या, आईने दार लावलं, कडी घातली, हॉलमध्ये नुसत्या लादीवर पंख्याखाली आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. आम्ही घाबरलो, हात लावून बघितलं, ताप नव्हता. अण्णांनी स्वतः चहा केला (तो कसा झाला होता ते सोडा).

मग पुढची सगळी वर्षं नातेवाईक तिला विचारायचे, करमत नसेल ना हो तिकडे? ती म्हणायची करमतं की. लोकांना ते आवडायचं नाही, आग्रहच असायचा, नाही हो, गिरगावची सर कशाला येणार. ती गप्प बसायची. मलाही कधी कधी तिचा राग यायचा हे आता लिहितो, वाटायचं हिला काहीच कसं वाटत नाही, एवढी वर्षं काढली, एवढ्या मैत्रिणी. करमत नव्हतं ते अण्णांना. त्यांना बोरिवलीत बाहेर पडून जायला जागाच सापडेना, तिथे तेव्हा रस्तेच धड नव्हते. दर रविवारी सकाळी लोकलने चर्नीरोड, आधी दाढी ठरलेल्या सलूनमध्ये, मग वाचनालय, मग काकाकडे डोकावून दुपारपर्यंत परत, येताना पणशीकरांकडचं खायचं काहीतरी पुड्यात. बोरिवलीत सलून होती की हो. पण ते कुणाच्या हाती गळा द्यायला तयार नव्हते. आई म्हणायची, जाऊ दे, तेवढाच मला रविवार मिळतो.

आता तिथे गेलं की चाळ बघवत नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण चाळ तेव्हाही फारशी बघण्यासारखी नव्हती, आमचं लक्ष नव्हतं. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, गॅलरीला खालून टेकू. टेकू मी पहिल्यापासून बघतोय, लहानपणी लपंडावात त्यांच्यामागे लपायचो. भाडं 1940 सालच्या दरावर गोठलेलं, 1947 चा भाडे कायदा झाला तो भाडेकरूंना वाचवायला आणि त्याने वाचवलंही, त्या कायद्याशिवाय माझ्या आजोबांसारख्या कारकुनाचं गिरगावात टिकणं शक्य नव्हतं. पण महिन्याला वीस-पंचवीस रुपयांत मालक जिना कशाला दुरुस्त करेल? पुढे 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, सेस म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर आला, मग म्हाडा, आणि टेकू लाकडाचे होते ते लोखंडाचे झाले. स्वस्त भाड्याने आम्हाला तिथे राहू दिलं आणि त्याच स्वस्त भाड्याने इमारत आमच्या डोक्यावर आणली, दोन्ही खरं. मेट्रोच्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती गेल्या, माणसं हलली, खणायला लागले तेव्हा चुलतभाऊ सांगायचा की रात्री भांडी आपोआप वाजतात. टेकूवरची चाळ आणि खाली बोगदा, झोप कशी लागायची विचारलं तर म्हणाला सवय आहे.

पाडव्याला मात्र सगळं भरतं. शोभायात्रेला आम्ही गेलेले सगळे परत येतो, फेटे, नऊवारी, गॉगल, बुलेटवर बसलेल्या मुली, ढोल-ताशा, सेल्फी, मिसळीला तासाची रांग. मी पण जातो, छाती भरून येते, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी वहिनी आमच्या वीसेक माणसांचा श्रीखंड-पुरीचा घाट घालते, त्याच 10 बाय 9 मध्ये. गेल्या खेपेला मी सवयीने म्हणालो, वहिनी, तुम्ही नशीबवान, अजून गिरगावात आहात. तिने पुरी तळता तळता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, भावजी, मग राहा की आठ दिवस. मी राहिलो नाही. चार वाजता निघालो, पार्किंगचा प्रॉब्लेम होता.

गेल्या महिन्यात वाडीत रिडेव्हलपमेंटची मिटिंग झाली, त्याला वारस म्हणून मला पण बोलावलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या, समोर प्रोजेक्टर, बिल्डरचा एक तरुण पोरगा लेसरने दाखवतोय, हा पोडियम, ही लिफ्ट लॉबी, हा तुमचा युनिट. जुन्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेट तर द्यावेच लागतात, घासाघीस सगळी त्याच्या वरच्या जागेची. पुरुष मंडळी तुटून पडली होती. काम होईपर्यंत संक्रमण शिबिरात राहणं नको, भाडं चेकने द्या, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी किती, गणपतीचा मांडव कुठे घालायचा, आणि एक काका तर गॅलरी नाही म्हणून फारच कळवळून बोलले, आमची संस्कृती गॅलरीत घडली वगैरे, टाळ्याही पडल्या. मी पण वाजवल्या. बायका मागच्या ओळीत. तासाभराने त्या पोराने विचारलं, मागून कुणाला काही विचारायचंय का? आमची वहिनी उभी राहिली. चाळीस वर्षं त्या खोलीत संसार केलेली बाई, मला वाटलं ओट्याबद्दल विचारेल. तिने प्लॅनवरच्या बेडरूमकडे बोट केलं आणि विचारलं, या खोलीला दार असेल ना? आणि आतून कडी?

पोरगा म्हणाला हो ताई, असेल की, चांगलं लॉक देतो. वहिनी खाली बसली. मग पार्किंगचा विषय निघाला आणि मिटिंग साडेअकरापर्यंत चालली.